म्हणावं

माझी भावजय चोवीस वर्षं माझ्याशी बोलली नाही. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. मी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे नात्यानं भाया, आणि आमच्या गावाकडं सुना भायाशी बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर सरकू देत नाहीत, समोर खुर्चीवर बसत नाहीत, आणि काही सांगायचंच असलं तर तिसऱ्या माणसाला सांगतात. ती पुंडलिकनगरच्या घरात सून म्हणून आली तेव्हा आई-वडील होते आणि ते रीतीचे पक्के होते. पुढं ते गेले. गल्लीतल्या सुना जीन्स घालून स्कूटीवरून भाजी आणायला जाऊ लागल्या. आमच्या घरात मात्र ती रीत तशीच राहिली, कारण मोडायची कुणी हे ठरत नव्हतं. मी मोडली असती तर आगाऊ दिसलो असतो, तिनं मोडली असती तर ती निलाजरी ठरली असती.

मग ती बोलायची ती अशी: "चहा झालाय म्हणावं." पुतणी लहान होती तोवर हे तिला उद्देशून असायचं. ती जिन्यात येऊन माझ्या गच्चीवरच्या खोलीकडं तोंड करून ओरडायची, "मोठे पप्पा, चहा!" पुतणी शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी वाक्य तेच राहिलं. ते आता मांजरीला असायचं, कुकरला असायचं, नाहीतर भिंतीला. "गॅसवाला येणारे, खाली कुणी तरी थांबा म्हणावं." मी जिन्यातून उत्तर द्यायचो, "थांबतो म्हणावं." भाऊ दुकानावर गेलेला असायचा आणि घरात आम्ही दोघंच. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, या घरात कुणी तरी तिसरं माणूस आहे आणि ते फार आळशी आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वाळूजच्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं तपासनीस होतो. तयार झालेला भाग मापात आहे का ते बघायचं, नसला तर त्यावर लाल खडूनं फुली मारायची. दिवसभर फुल्या मारणाऱ्या माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसाच माझा झाला. लग्न झालं होतं. आठव्या महिन्यात बायको माहेरी गेली ती आली नाही, पुढं कागदोपत्री फारकत झाली. चूक तिची नव्हती. मी तिलाही मापात बसवायला निघालो होतो. हे मला उशिरा कळलं, तोवर तिचं दुसरं लग्न झालं होतं आणि मी गच्चीवरच्या खोलीत कायमचा राहायला गेलो होतो.

कंपनीनं आमचा विभाग बंद केला तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरात माझ्याकडं एकच खातं होतं, पाण्याचं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस त्याचं नोकर होतं. भाऊ खालून बोंबलायचा, "ए दादा, मोटार लाव ना, झोपलास का काय!" मी वरून शिवी हासडायचो, मोटार लावायचो, पाइप ओढत टाकी, ड्रम, हंडे भरायचो. मग खालून आवाज यायचा, "टाकी वाहायलीय म्हणावं."

भावजयीच्या किडन्या गेल्या हे आम्हाला पाय सुजल्यावर कळलं. आधी वर्षभर ती दमायची, तर आम्ही म्हणायचो की वय झालं. वय कसलं, पंचेचाळीस. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. भाऊ तिला सकाळी घेऊन जायचा आणि दुपार कलल्यावर आणायचा. आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. हाताची शीर फुगून दोरीसारखी दिसायची. डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या शिरा फार दिवस साथ देणार नाहीत, दुसरी किडनी बसवा.

भावाला साखरेचा आजार, त्याची चालणार नव्हती. तिच्या भावाचा रक्तगट जुळला नाही. पुतणी पुण्याहून तयार होऊन आली होती, पण भावजयीनं तिला उंबऱ्यातच सांगितलं, "माझ्यासाठी लेकीच्या पोटाला सुरी लागू द्यायची नाय. मेले तरी चालंल."

एका सकाळी मी पोहे खाता खाता भावाला म्हणालो, "माझी बघ."

"येडा झालास का?" तो म्हणाला. मग त्यानं मला शिव्या घातल्या, मग रडला, मग आपण रडलो म्हणून आणखी शिव्या घातल्या. "तुझं पुढं कोण करणार रे? बायको नाय, लेकरू नाय, आन् किडनी वाटायला निघालास!" ताटली तशीच टाकून तो दुकानावर गेला.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "असलं काय करू नका म्हणावं. लोक काय म्हणतील."

मी जिन्यातून म्हणालो, "लोकांना डायलिसिसला पाठवा म्हणावं."

लोक पुढं मला देवमाणूस म्हणाले, म्हणून खरं कारण इथं सांगून टाकतो. उदारपणाचा माझा लौकिक कधीच नव्हता. डायलिसिसच्या दिवशी सकाळी मी जिन्यात येऊन उभा राहायचो आणि खाली काहीच नसायचं. चहा मी माझा करून घेऊ शकत होतो, घेतही होतो. पण दिवसभरात माझ्यासाठी म्हणून उच्चारलेलं तेवढंच एक वाक्य असायचं, आणि ते आठवड्यातून तीन दिवस बंद पडलं होतं. ती गेली असती तर ते कायमचं बंद झालं असतं. मला भीती वाटली. तिच्या जिवाची वाटली आणि माझीही वाटली.

तपासण्यांमध्ये मी पास झालो. रक्तगट सर्वांना चालणारा, दोन्ही किडन्या ठणठणीत. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना नापास केलेला माणूस शेवटी कशात तरी पास झाला, असं मी डॉक्टरांना म्हणालो. त्यांना त्यातली गंमत कळली नाही.

अडचण पुढंच होती. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको, लेकरं, आजी-आजोबा, नातवंडं यांनी किडनी द्यायची तर काम सरळ होतं. भाया त्या यादीत नव्हता. यादीबाहेरच्या माणसाला सरकारी समितीपुढं उभं राहून सिद्ध करावं लागतं की तो पैशासाठी देत नाही, कुणाच्या दाबाखाली देत नाही, तर आपुलकीपोटी देतो आहे. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपुलकी मोजायचं हत्यार मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

समितीत पाच जण होते. मधोमध जाड चष्म्याच्या एक डॉक्टरीण बाई. कोपऱ्यात कॅमेरा लावलेला. आम्हाला एकेकट्याला आत घेतलं. बाईंनी मला विचारलं, "त्या तुम्हाला काय हाक मारतात?"

"काही नाही."

"म्हणजे? दादा, भाऊजी, काही तरी?"

"बोलतच नाहीत माझ्याशी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चोवीस वर्षं एका घरात राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि हा माणूस तिला किडनी देतो आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही फुली मारली असती. मी रीत समजावून सांगायला गेलो, पण कॅमेऱ्यासमोर माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं. त्यांनी निर्णय पुढं ढकलला. दोन गोष्टी आणायला सांगितल्या. एक, आम्हा दोघांचे एकत्र, जुने-नवे फोटो. दुसरी, "तुमच्या बाजूचं कुणी तरी. यांच्या घरातलं नको. तुमचं स्वतःचं, ज्याला तुमची काळजी आहे असं."

मी म्हणालो, "आणतो."

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि विचार करायला लागलो की कोण. भाऊ त्यांच्या घरातला. पुतणी त्यांच्या घरातली. कंपनीतली माणसं लग्नाच्या पत्रिकेपुरती. मी दोन्ही हातांची बोटं वापरायला निघालो होतो, एकाही बोटाला काम लागलं नाही. शेवटी दौलताबादची आत्या आठवली. वडिलांची बहीण, पंचाहत्तरी ओलांडलेली, किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू-सीताफळं विकायला बसते. मी तिच्याकडं दोन वर्षांत गेलो नव्हतो. फोन केला तर म्हणाली, "येते की. पण किडनी म्हंजी नेमकं काय असतं रे बाबा?"

मग फोटो. आम्ही अल्बम काढले, कपाटावरच्या पिशव्या झाडल्या, भावाचा, माझा, पुतणीचा मोबाइल पालथा घातला. लग्नात मी वरातीत होतो, ती मांडवात. पुतणीच्या बारशात ती पाळण्याजवळ, मी बाहेर मंडपवाल्याशी भांडत होतो. पुढच्या बहुतेक फोटोंत मी नव्हतोच, कारण ते मी काढलेले होते. जिथं मी होतो तिथं ती आत होती. चोवीस वर्षांत एका चौकटीत आम्ही दोघं एकदाही आलो नव्हतो. भाऊ मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "च्यायला, तुमी दोघं एका घरात राहत होते का नाय, मलाच शंका यायलीय."

आणि मग त्यानं तो शहाणपणा केला. आम्हाला गच्चीवर उभं केलं. भावजयीला सांगितलं, ही साडी नेस, आता ती नेस, आता दिवाळीची नेस. एक फोटो तुळशीजवळ, एक पाण्याच्या टाकीजवळ, एक खाली देवघरापाशी, जणू तीन वेगवेगळ्या वर्षांतले. डायलिसिसच्या आदल्या दिवशीची ती बाई, पायांत सूज, तीनदा जिना चढली-उतरली. माझ्याकडं न बघता माझ्या शेजारी उभी राहिली. मला तिच्या धापेचा आवाज ऐकू येत होता. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं, पण भाऊ इतक्या आशेनं मोबाइल धरून उभा होता की बोललो नाही.

दुसऱ्या बैठकीत बाईंनी ते फोटो टेबलावर ओळीनं मांडले. चष्मा वर केला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काका, या तीन सणांना तुमच्या अंगात एकच शर्ट आहे."

साड्या तीन झाल्या होत्या, पण माझं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. ज्या माणसानं केसाएवढा फरक सत्तावीस वर्षं पकडला, त्याला स्वतःच्या अंगातला शर्ट दिसला नाही. समितीतले एक गृहस्थ खाकरले. आता प्रकरण नुसतं अपुरं राहिलं नव्हतं, खोटं ठरायला लागलं होतं. भावजयीचा कागद फेटाळला असता तर तिच्यापुढं काय होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी म्हणालो, "फोटो खोटे आहेत. परवा काढले. खरे नव्हते म्हणून काढले."

बाईंनी दाराशी बसलेल्या आत्याला विचारलं की तुम्हाला यातलं काय माहीत आहे. आत्या उठून पुढं आली. "साहेब, आमच्यात भायाशी नाय बोलत. ती बोलली असती तर मीच तिला बोलले असते!" दोघे-तिघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भावजयीला आत बोलावलं आणि पहिल्यांदाच आम्हाला समोरासमोर उभं केलं. "यांना तुम्ही स्वतः विचारा," त्या म्हणाल्या, "मनापासून देतायत का. आमच्यासमोर विचारा."

तिनं पदर कपाळापर्यंत ओढला. मग टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत ती म्हणाली, "जिवावर येत आसंल तर नको म्हणावं."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जिवावर येत नाही म्हणावं."

"पुढं दुखलं-खुपलं तर बघायला कुणी नाय म्हणावं."

"घरात माणसं आहेत म्हणावं."

"रागात ठरवलेलं नाय ना म्हणावं. राग लई हाय त्यांना."

"राग शर्टावर आहे म्हणावं."

लिहून घेणारा कारकून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं, एकदा बाटलीकडं बघत होता. बाईंनी विचारलं, "अहो, पण हे तुम्ही कुणाला सांगताय?"

"तुमालाच की!" आत्या मागून म्हणाली. "ती तुमाला सांगायलीय, तुमी त्याला सांगायचं. इतकं शिकून एवढं कळंना व्हय?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. आणखी काही प्रश्न विचारले, पण ते साधे होते. ती काय काय करते माझ्यासाठी, मी काय काय करतो. तिनं बाटलीलाच सांगितलं की त्यांना दोडका आवडत नाही पण टाकत नाहीत, की पाण्याच्या दिवशी त्यांची पाठ धरते, की त्यांची बायको गेली तेव्हापासून सणाला ते उशिरा जेवतात आणि आपण वाढून ठेवतो. हे तिला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी खाली फरशीकडं बघत उभा होतो. आठ दिवसांनी मंजुरीचा कागद आला.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. डाव्या बाजूची काढली. पोटावर छोटी छिद्रं आणि खाली एक आडवी चीर, पाचव्या दिवशी मी घरी. दुखायचं, खोकला आला की जास्त दुखायचं. तिला जास्त दिवस ठेवलं. तिची लघवी जरा उशिरा, मी घरी आल्यावर सुरू झाली, तेव्हा भाऊ दवाखान्यातून फोनवर ओरडला, "दादा, चालू झाली! चालू झाली!" जणू नळाला पाणी आलं. मी गच्चीवरच्या खोलीत एकटाच हसलो आणि टाके दुखले. मला फार आनंद झाला होता, तो सांगायला तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

ती घरी आली, थोडी सावरली, तेव्हा भावानं माहेरची-सासरची मोजकी माणसं बोलावली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तिनं सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, तुमचे लई उपकार झाले माझ्यावर."

बायकांनी डोळे पुसले. रीत मोडली, आणि किती चांगल्या कारणानं मोडली, असं सगळे म्हणाले. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. मला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते. दादा, जेवलात का. दादा, बरं वाटतंय का. प्रत्येक वाक्य धुऊन इस्त्री केल्यासारखं. रागाचं एकही नाही, कामाचंही नाही. चहा आता भाऊ स्वतः वर घेऊन येतो, झाकण ठेवून. टीव्हीचा आवाज माझ्यासाठी बारीक करतात. पाहुणा आला की घर जसं दबून वागतं, तसं रोज वागतं.

एका पाण्याच्या दिवशी मोटारीचा आवाज ऐकून, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, मी पाणी भरायला खाली गेलो. तीन महिने उलटले होते, डॉक्टरांनी सगळं करायला सांगितलं होतं. मी पाइप उचलला. भावानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बसा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, बोबडा बोलायला लागल्यापासून मला अरे-तुरे करणारा. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा नव्हती. पुन्हा म्हणाला, "तुम्ही खरंच बसा. आता तुम्ही काही करायचं नाही."

मी खूप प्रयत्न केले. वरणात मीठ जास्त आहे म्हणालो, नव्हतं तरी. दुसऱ्या दिवशी अळणी वरण आलं. त्याची मोटारसायकल जिन्याच्या तोंडाशी लावतो म्हणून ओरडलो, त्यानं माफी मागितली. माझ्या भावानं मोटारसायकलीसाठी माफी मागितली! एकदा मुद्दाम त्याला वडिलांवरून टोचलं, ज्यावरून आमची पूर्वी हातघाई झालेली आहे. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमचं बरोबर आहे." मी वर जाऊन दार लावून घेतलं. भावजयीचे रिपोर्ट चांगले येत होते, तिचा रंग परतला होता, ती पुन्हा उंबऱ्यावर रांगोळी काढत होती. मला पाहिजे होतं ते सगळं झालं होतं. आणि मी त्या घरात कधी नव्हतो इतका एकटा पडलो होतो.

गेल्या महिन्यात मी भावाला सांगितलं की बजाजनगरला एक खोली बघितली आहे, जुने कंपनीवाले तिथं राहतात, बरं पडेल. बोलून झाल्यावर थांबलो. काही वर्षांपूर्वी मी असंच म्हणालो होतो, तेव्हा त्यानं माझ्या बॅगेला लाथ घातली होती, "जाऊन दाखव, तंगडी मोडतो," म्हणाला होता आणि आठवडाभर फुगून बसला होता.

या वेळी तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा. आम्ही कोण तुम्हाला अडवणार?"

त्यानंच टेम्पो ठरवला. आदल्या दिवशी जाऊन ती खोली झाडून, पुसून घेतली. नवी गादी घेतली. सामान चढवताना मला उशीसुद्धा उचलू दिली नाही. भावजयीनं डबा भरून दिला आणि म्हणाली, "दादा, पाणी भरपूर पीत जा." मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. माझ्या बाजूचं दार मी लावलं नव्हतं. भाऊ आला, त्यानं ते बाहेरून हलकेच लावलं, लागलं का ते हलवून बघितलं आणि दोन्ही हात जोडले. त्या वेळी त्यानं मला एक शिवी जरी दिली असती, तरी मी उतरलो असतो.